स्वमग्न मुलाची माध्यमिक शाळा: ईशानचा सोमवार आणि गुरुवार

जानेवारीच्या अखेरीस एका आईने मला विचारलेला प्रश्न तिच्याच शब्दांत देते. "मॅडम, शाळेने सांगितले आहे की आठवीपासून ईशानला झेपणार नाही, दाखला काढून दुसरीकडे बघा. त्याचे बाबा म्हणतात सीबीएसईत घालू, तिथे सवलती जास्त असतात. थेरपिस्ट म्हणतात विशेष शाळा. नणंद म्हणते घरी बसवून एनआयओएसचा (मुक्त विद्यालयाचा) फॉर्म भरा. आम्ही नक्की काय करायचे?" ईशान हे मुलाचे खरे नाव नव्हे आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत समुपदेशन करताना सहावी-सातवीतल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे पालक दरवर्षी याच चार वाटा घेऊन माझ्यासमोर बसतात, आणि चारही वाटा त्यांना कोणीतरी दुसऱ्यानेच सुचवलेल्या असतात.

ईशान तेव्हा तेरा वर्षांचा होता. कळव्यात राहणारे कुटुंब, वडील रबाळ्याच्या एका कारखान्यात, आईने पतसंस्थेतली नोकरी त्याच्या निदानानंतर सोडलेली, घरात आजी. पहिल्या भेटीत तो खुर्चीवर बसण्याआधी छताकडे पाहून थांबला आणि मला म्हणाला, "या पंख्याचा कपॅसिटर बदलायला हवा." आईने लगेच त्याला दटावले. मी पंखा बंद केला, तेव्हा तो बसला आणि पुढची चाळीस मिनिटे शांतपणे बसून राहिला. (पंधरा दिवसांनी पंखा खरोखरच बंद पडला आणि इलेक्ट्रिशियनने कपॅसिटरच बदलला.) ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की शाळेच्या शेरेवहीत याच मुलाबद्दल ‘वर्गात बसत नाही’ असे सात वेळा लिहिलेले होते.

मी आईवडिलांना त्या दिवशी बोर्डाबद्दल काहीच सांगितले नाही. त्यांच्याकडे ईशानचे वेळापत्रक मागितले आणि तीन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. शाळेतून तक्रार आली की कोणता वार, कोणता तास, त्याच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले, एवढेच त्यात लिहायचे. वडील थोडे नाराज झाले. प्रवेशाचे दिवस निघून चालले आहेत आणि मॅडम वह्या लिहायला सांगत आहेत, असे त्यांना वाटले असणार, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते.

वहीतून जे निघाले त्याचा धागा मात्र आजीने दिला. तिसऱ्या आठवड्यात त्या आईबरोबर आल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी आणि गुरुवारी तो दप्तर फेकत नाही. आल्यावर आधी पोहे मागतो. बाकीच्या दिवशी अर्धा तास न्हाणीघरात दार लावून बसतो." आम्ही वेळापत्रक पुढे घेतले. सोमवारी आणि गुरुवारी दोन-दोन जोडतास होते, म्हणजे दिवसभरात शिक्षक बदलण्याच्या वेळा कमी. वहीत नोंदलेल्या अकरा प्रसंगांपैकी आठ प्रसंग एक तास संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या पाच मिनिटांत किंवा ऑफ तासाला घडले होते. गणिताच्या तासाला, ज्यात त्याला सर्वात कमी गुण होते, एकही नाही. अभ्यास झेपत नव्हता म्हणून तो वर्गाबाहेर जात होता, हा शाळेचा समज होता आणि आईवडिलांनीही तो खरा धरला होता.

मुख्याध्यापिकांच्या परवानगीने मी एक दिवस त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. चौथ्या तासाला खेळ होता आणि बाहेर अवेळी पावसाची सर आली. वर्गशिक्षिकांनी दारातूनच "आज खेळ नाही, आतच बसा" असे सांगितले आणि त्या निघून गेल्या. अठ्ठेचाळीस मुलांनी एकदम गलका केला, बाके सरकली, कोणीतरी बाटली वाजवायला लागले. ईशानने खेळाचे बूट आधीच दप्तरातून काढून हातात घेतले होते. तो दारापाशी जाऊन उभा राहिला, बूट छातीशी धरून, मैदानाकडे तोंड करून, आणि "चौथा तास खेळ, चौथा तास खेळ" असे हळू आवाजात म्हणत राहिला. दोन मुलांनी त्याची नक्कल सुरू केली, तेव्हा तो जिना उतरून गेला. शेरेवहीत त्या दिवशी आठव्यांदा तेच वाक्य लिहिले गेले.

स्वमग्नता हा शब्द आपण मराठीत रूढ केला, पण तो थोडा फसवा आहे, कारण त्यातून मूल स्वतःत रमलेले आहे आणि बाहेरचे त्याला काही लागत नाही असा अर्थ निघतो. माझ्या अनुभवात बहुतेक मुलांची अडचण याच्या उलट असते. बाहेरचे सगळे एकाच वेळी आणि सारख्याच जोराने आत येते, त्यात पंख्याची घरघर, शेजारच्याच्या डब्यातला वास, बाईंचे बोलणे आणि पुढच्या तासाची चिंता यांपैकी कशाला आधी घ्यायचे हे ठरवण्यात त्यांची शक्ती संपते. प्राथमिक शाळेत एकच वर्गशिक्षिका दिवसातला बराच वेळ सोबत असते आणि ती नकळत बऱ्याच गोष्टी गाळून मुलापर्यंत पोहोचवते. माध्यमिकला विषयागणिक शिक्षक, प्रयोगशाळा, संगणक कक्ष, गटाचे प्रकल्प आणि वयात येणाऱ्या मुलांचे टोमणे हे सगळे एकत्र सुरू होते आणि ती गाळणी नाहीशी होते. म्हणून सहावी-सातवीत अचानक ‘बिघडलेले’ मूल बहुतेक वेळा बिघडलेले नसते. त्याचा आधार निघून गेलेला असतो.

तरीही चारही पर्याय नीट पाहायलाच हवे होते आणि आम्ही ते पाहिले.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या सीबीएसई शाळेच्या माहितीपत्रकात विशेष शिक्षक असल्याचे ठळक छापलेले होते. मी आईला तीन प्रश्न लिहून दिले होते: विशेष शिक्षक आठवी ते दहावीच्या मुलांसोबत आठवड्यातून किती तास असतात, गेल्या दोन वर्षांत अशी किती मुले दहावीपर्यंत पोहोचली, आणि मूल अस्वस्थ झाले तर ते कोणत्या खोलीत जाते व ती खोली आम्हाला पाहता येईल का. उत्तर असे मिळाले की विशेष शिक्षिका प्राथमिक विभागापुरत्याच आहेत, वरच्या वर्गांसाठी पालकांनी स्वखर्चाने शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारी व्यक्ती) आणावी, आणि खोली सध्या भांडारासाठी वापरली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले आहे. प्रत्यक्षात माध्यमिकची जागा बहुतेक ठिकाणी रिकामी दिसते, म्हणून माहितीपत्रकावर न थांबता वरच्या वर्गाबद्दल वेगळे विचारावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगते. सवलतींच्या बाबतीत वडिलांचा समज पूर्ण बरोबर नव्हता. जादा वेळ, लेखनिक, भाषेतून सूट या गोष्टी सीबीएसईत आहेत तशा राज्य मंडळातही आहेत. शिवाय सहा वर्षे मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला आठवीत माध्यम बदलायला लावणे म्हणजे त्याच्या हातातली शेवटची ओळखीची वस्तू काढून घेणे होते.

शॅडो टीचरबद्दल माझे मत स्पष्ट आहे, आणि सर्वांना ते पटणार नाही. पहिली-दुसरीत तिचा उपयोग मोठा असतो. तेराव्या वर्षी मुलाच्या बाकाला लागून एक मोठी बाई दिवसभर बसली, तर वर्गातली मुले त्याच्याशी बोलायचे सोडून तिच्याशी बोलतात आणि शिक्षकही प्रश्न तिलाच विचारतात. ज्या मुलाला स्वतःला इजा करण्याचा किंवा पळून जाण्याचा धोका आहे, त्याची गोष्ट वेगळी. ईशानला अशा सोबतीची गरज नव्हती.

विशेष शाळेतल्या शिक्षिका मला फार आवडल्या. त्यांनी ईशानबरोबर दोन तास घालवले आणि मग स्वतःच म्हणाल्या, "आमच्याकडे त्याच्या वयाची जी मुले आहेत, त्यांना स्वतःची कामे स्वतः करणे, पैशांचा हिशेब, बाजारहाट हे आम्ही शिकवतो. हा भूगोलाचे पुस्तक न अडखळता वाचतो. आमच्या गटात तो शांत राहील, पण त्याची भूक भागणार नाही." ज्या मुलाला स्वमग्नतेबरोबर बौद्धिक दिव्यांगत्वही आहे, त्याच्यासाठी विशेष शाळा ही पराभवाची जागा आहे असे मी कधीच म्हणणार नाही; कित्येक मुलांना पहिल्यांदा हसताना मी अशाच शाळांमध्ये पाहिले आहे. वाशीला नवी मुंबई महापालिकेचे ईटीसी, म्हणजे विशेष मुलांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, तिथे मुलाची क्षमता तपासून मार्गदर्शन मिळू शकते, आणि निर्णयाआधी अशी एक तटस्थ तपासणी करून घेतलेली बरी.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा चांगला आणि पूर्ण मान्यतेचा मार्ग आहे. वयाच्या चौदाव्या वर्षापासून दहावीला नाव नोंदवता येते, पाच विषय पुरतात, चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय निवडता येतात, वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे एका वेळी एक-दोन विषय देऊनही दहावी पूर्ण करता येते. परीक्षेच्या दृष्टीने अनेक स्वमग्न मुलांना यापेक्षा सोयीचे काही नाही. पण परीक्षा सोपी झाली म्हणून मुलाचा दिवस भरत नाही. काही वर्षांपूर्वी नेरुळच्या एका मुलीला आठवी संपताच एनआयओएसचा सल्ला मी दिला होता. ती शाळेत निमूट बसायची आणि घरी येऊन कोसळायची, म्हणून मला घाई झाली. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, परंतु दोन वर्षे तिच्या वयाचे एकही माणूस तिच्याशी बोलले नाही, आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकातून आत पाऊल टाकायला तिला पुढे सात महिने लागले. परीक्षेची व्यवस्था मी केली होती, दिवसाची केली नव्हती. तेव्हापासून एनआयओएस घ्यायचे असेल तर सकाळी नऊ ते दुपारी दोन मूल कुठे आणि कोणाबरोबर असेल, हे कागदावर लिहून आणा, असे मी पालकांना सांगते. ते लिहिता येत नसेल, तर थांबावे.

राहता राहिली सध्याची शाळा. तिथला रस्ता, जिना, पाण्याची टाकी, तीन वर्गमित्रांची नावे हे सगळे ईशानला पाठ होते. ओळखीच्या या गोष्टींची किंमत कोणी धरतच नाही. मी सुचवले की दाखला काढण्याआधी शाळेशी एकदा नीट, कागद हातात घेऊन बोलावे.

त्या कागदांपैकी एक नव्हताच. निदान चौथ्या वर्षी झाले असूनही दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढलेले नव्हते, कारण वडिलांना वाटत होते की मुलावर कायमचा शिक्का बसेल. या विषयावर आम्ही दोन बैठका घालवल्या. "मॅडम, लग्नाच्या वेळीसुद्धा हा कागद आडवा येईल," असे ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की शेरेवहीतला ‘वर्गात बसत नाही’ हाही शिक्काच आहे, तो रोज बसतो आहे आणि त्याच्यामागे कोणताही हक्क येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ या कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता स्पष्टपणे आहे. कायद्याचे १६ वे कलम शिक्षणसंस्थांवर भेदभाव न करता प्रवेश देण्याची आणि गरजेनुसार सोयी करण्याची जबाबदारी टाकते. १७ व्या कलमात जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. आणि चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ३१ व्या कलमाने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ नावाची चाळीस प्रश्नांची भारतीय चाचणी वापरतात, आणि ती करताना मुलाचा सर्वात चांगला दिवस न सांगता नेहमीचा दिवस सांगायचा असतो, हे मी आईला मुद्दाम बजावले. आपल्या लेकराचे कमी बोलून दाखवणे आयांना फार जड जाते आणि त्यामुळे टक्केवारी चुकते. अर्ज, तपासणी आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) हाती येणे यात पावसाळा उजाडला. म्हणून सातवीच्या आधीच याला हात घालावा.

मार्चमध्ये शाळेत बैठक झाली. दाखला काढण्याविषयी शाळेने तोंडीच सांगितले होते, लेखी काही दिले नव्हते, आणि हे बहुतेक ठिकाणी असेच होते. शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे मी मुख्याध्यापिकांना शांतपणे सांगितले, पण पहिले वाक्य म्हणून सांगितले नाही. पहिल्यांदा आईची वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि वर्गशिक्षिकांना बोलावून विचारले, "ऑफ तासाला याच्याजवळ कोण असते?" कोणीच नसते, हे उत्तर खोलीतल्या सर्वांनाच ठाऊक होते.

त्यानंतर जे ठरले ते एका पानावर लिहून, मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि आई अशा तिघींच्या सहीने फाईलला लावले गेले. वेळापत्रकात बदल असेल तर पहिल्या तासाआधी वर्गशिक्षिकांनी ईशानच्या कंपासपेटीच्या झाकणावर चिकटवलेल्या पट्टीवर तो पेन्सिलने लिहायचा. ऑफ तासाला त्याने ग्रंथालयात जायचे आणि ग्रंथपालांनी हजेरी मांडायची. बाक पंख्यापासून दूर, भिंतीकडचा. अस्वस्थ वाटल्यास निळे कार्ड बाकावर ठेवून दहा मिनिटे बाहेर जाण्याची मुभा, ‘का’ हे त्या वेळी न विचारता. खर्च एका लॅमिनेट केलेल्या कार्डाचा झाला. तोंडी आश्वासनावर पालकांनी समाधान मानू नये, कारण जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलतात आणि आश्वासन त्यांच्याबरोबर जाते. इथेही त्या बदलल्या, आणि पान फाईलला असल्यामुळेच नव्या बाईंनी ते पहिल्याच आठवड्यात वाचले.

सर्व सुरळीत झाले असे नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना कार्डाची कल्पना शेवटपर्यंत पटली नाही आणि त्या तासाला ईशान कार्ड दप्तरातच ठेवायचा. आठवीच्या दिवाळीनंतर काही मुलांनी त्याच्याकडून शिव्या वदवून घेतल्या आणि मोबाइलवर चित्रण केले. त्या प्रसंगाने आई पुन्हा एनआयओएसपर्यंत जाऊन आली. शाळेने मुलांच्या पालकांना बोलावले, पण मला अधिक महत्त्वाचे वाटले ते हे की ईशानला ‘मित्र’ आणि ‘मित्रासारखे वागून हसणारा’ यांतला फरक ओळखायला शिकवणे आम्ही त्याआधी सुरूच केलेले नव्हते. ते आम्ही प्रत्यक्ष प्रसंगांची चित्रे काढून आठ महिने शिकवत राहिलो. माध्यमिक शाळेच्या तयारीत हा विषय गणिताइतकाच वेळ मागतो.

नववी ही मला दहावीपेक्षा काळजीची वाटते. आठवीनंतर शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण संपते आणि दहावीच्या निकालाची टक्केवारी जपण्यासाठी काही शाळा नववीतच मुलांना ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे, म्हणजे शाळेबाहेरून परीक्षेला बसा असे, सुचवू लागतात. इथे प्रमाणपत्र कामाला आले. आम्ही नववीच्या सुरुवातीलाच सवलतींचे ठरवले. तिसऱ्या भाषेतून सूट घेतली. गणिताऐवजी सातवीच्या स्तरावरचे अंकगणित घेण्याची सोयही राज्य मंडळात आहे, आणि वडिलांचा ओढा आता तिकडे होता, पण दहावीला नियमित गणित नसले की पुढचे काही तांत्रिक रस्ते बंद होतात, आणि ज्या मुलाला पंख्याचा आवाज ऐकून कपॅसिटर कळतो त्याच्यासाठी ते रस्ते इतक्यात बंद करू नयेत, असे मी आग्रहाने सांगितले. पहिल्या सत्रात त्याला गणितात चाळीसपैकी सतरा मिळाले. नियमित गणित कायम राहिले. लेखनिक नको असे ईशाननेच सांगितले. दुसऱ्याच्या अक्षरातले उत्तर त्याला स्वतःचे वाटत नाही. जादा वेळ त्याने मान्य केला.

आता तो दहावीत आहे. सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे गेला आहे. गेल्या महिन्यात तो आईबरोबर आला, पंख्याकडे पाहिले, काही न बोलता बसला आणि वहीत केलेला हिशेब माझ्यापुढे सरकवला. तीन तासांच्या पेपरला तासाला वीस मिनिटे म्हणजे एक तास जादा. पेपर अकराला सुरू झाला तर तीनला संपणार. त्याखाली त्याने लिहिले होते, "डबा दीड वाजता असतो." आईने आणि मी एकमेकींकडे पाहिले, कारण अडीच वर्षांच्या सगळ्या कागदांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. परीक्षा केंद्रावर विचारायच्या गोष्टींच्या यादीत आम्ही तो सर्वात वर लिहिला, आणि आजपासून दर रविवारी त्याने सराव पेपर अकरा ते तीन याच वेळात सोडवायचा, डबा साडेदहाला, असे ठरवून ईशानने ते कंपासपेटीच्या झाकणावर स्वतःच्या हाताने लिहिले.